मागणीचं पत्र

1839 सालच्या मार्चच्या सुमारास यॉर्कशायरमधल्या हॉवर्थ गावी, पाद्र्याच्या घरात राहणाऱ्या 22 वर्षांच्या एका मुलीला पत्र आलं. लिहिणारा तिच्या जिवलग मैत्रिणीचा भाऊ, तोही पाद्रीच. मजकूर थोडक्यात असा: मी ससेक्समध्ये डॉनिंग्टनला नीट स्थिरस्थावर झालो आहे, तब्येत सुधारली आहे, ईस्टरनंतर घरी विद्यार्थी ठेवून शिकवायचा विचार आहे, आणि त्या विद्यार्थ्यांची देखभाल करायला यथावकाश बायको लागेल. तर तुमचा होकार आहे का?

पत्र लिहिणारे हेन्री नसी. त्याच सुमारास त्यांनी दुसऱ्या एका मुलीसाठी विचारलं होतं, पण तिच्या वडिलांकडून नकार आला. नसींनी डायरीत लिहिलं की नुकसान झालं खरं, पण त्यातही देवाचाच हात असावा. आणि लागलीच यॉर्कशायरच्या या ओळखीच्या मुलीला पत्र धाडलं. ही मुलगी म्हणजे शार्लट ब्राँटी. कादंबरीकार म्हणून तिचं नाव व्हायला अजून आठेक वर्षं होती.

5 मार्चला तिने नकार कळवला. तुमच्याविषयी मनात अढी नाही, पण तुमच्यासारख्या माणसाला सुखी करील असा माझा स्वभाव नाही, असं तिने लिहिलं. मग तुमची बायको कशी असावी याचं वर्णनच करून दिलं: फार ठसठशीत, उत्कट किंवा वेगळी नको, स्वभावाने मवाळ हवी, भाविक हवी, आणि तुमच्या डोळ्यांना बरी वाटेल इतपत देखणी हवी. तुम्ही मला ओळखतच नाही, असंही तिने साफ सांगितलं. नसींनी डायरीत या उत्तराची नोंद केली आणि देवाची इच्छा म्हणून विषय संपवला.

आज नसींचं पत्र वाचताना हसू येतं. वाटतं, याला बायको हवी होती की वसतिगृहाची व्यवस्थापक? पण त्या काळाच्या मोजमापाने ते सभ्य, रीतसर पत्र होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, म्हणजे 1837 ते 1901 मधली मागणीची पत्रं अशी हिशेबी आणि जपून लिहिलेली का असत, हे कळलं की त्यांतली भावनाही वाचता येते.

आपल्याकडे 'मागणी घालणे' म्हणतात. मागणी मुलीला घालायची नसते, मुलीच्या घरी घालायची असते. इंग्लंडच्या मध्यमवर्गात आणि त्याच्या वरच्या थरांत तेव्हा जवळपास हीच गत होती, फक्त क्रम थोडा वेगळा. तरुणाने आधी मुलीचा कल पाहायचा, मग वडिलांची परवानगी घ्यायची. किंवा आधी वडिलांना विचारून मग मुलीकडे वळायचं. यांतलं योग्य काय यावर शिष्टाचाराच्या पुस्तकांत भरपूर वाद आहेत. वडिलांना टाळून चालत नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. 21 वर्षांखालच्या मुलीच्या लग्नाला पालकांची संमती लागत असे. त्यापुढच्या वयातही हुंडा, वाटणी, राहतं घर हे सगळं वडिलांच्या हातात.

पैशाचा प्रश्न साधा नव्हता. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात लग्न झालं की बाईची रोकड, दागिने, मिळकत नवऱ्याची होई. 1870 च्या कायद्याने तिला स्वतःच्या कमाईवर हक्क मिळाला आणि 1882 च्या कायद्याने स्वतःची मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवता येऊ लागली. त्याआधी मुलीचं काही राखायचं असेल, तर लग्नापूर्वी वकिलाकडून स्वतंत्र करार करून घ्यावा लागे. त्यामुळे तरुणाने पत्रात उत्पन्न किती, पुढे काय मिळण्याची शक्यता, घर कुठे, हे लिहिणं म्हणजे रुक्षपणा नव्हे. मुलीचा बाप तेच ओळ न ओळ शोधणार होता. 'पाहण्याच्या कार्यक्रमा'त पोह्यांच्या बशीआडून विचारलेला 'पगार किती' हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

गंमत म्हणजे त्याच 1839 मध्ये, 15 ऑक्टोबरला, खुद्द राणीने विंडसरमध्ये अल्बर्ट या जर्मन राजपुत्राला लग्नाचं विचारलं. राणीला मागणी घालण्याचा अधिकार कोणालाच नव्हता, म्हणून विचारणं तिच्याकडे आलं. तिने ते समोरासमोर विचारलं. देशातल्या बाकीच्या मुलींना ही सोय नव्हती.

आता पत्राच्या खर्चाकडे येऊ, कारण खरी उलथापालथ तिथे झाली.

1840 पूर्वी इंग्लंडात पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्याने द्यायचे. दर अंतरावर आणि कागदाच्या संख्येवर. लंडनहून एडिंबरोला एका कागदाचं पत्र जायला तेरा पेनींहून जास्त पडत, कामगाराच्या दिवसाच्या मजुरीला भोक पाडणारी रक्कम. पाकीट वापरलं तर तो दुसरा कागद धरला जाई, म्हणून पत्राचाच कागद दुमडून त्यावर लाखेचा ठिपका लावत. जागा वाचवायला एक पान भरलं की ते आडवं फिरवून आधीच्या ओळींवरूनच पुन्हा लिहीत. असं विणलेलं पत्र वाचायला खिडकीजवळ बसावं लागे.

या काळाची एक गोष्ट नेहमी सांगतात. खेड्यातल्या बाईला पत्र येतं, पैसे नाहीत म्हणून ती ते परत करते. वाटसरूला कीव येते, तो पैसे भरतो. मग ती कबूल करते की आत काही लिहिलेलंच नाही, कोरा कागद म्हणजे खुशाली, असं आधीच ठरलेलं होतं. प्रेमिकांच्या आवृत्तीत पत्र प्रियकराचं आणि वाटसरू म्हणजे टपालसुधारक रोलंड हिल. मूळ गोष्ट मात्र कवी कोलरिज सांगत असे आणि तिच्यात पत्र घरच्याच माणसाचं होतं. प्रियकर नंतर घुसला.

हिलने 1837 मध्ये सुचवलं की अंतर विसरा, वजनावर एकच दर ठेवा आणि पैसे पाठवणाऱ्याकडून घ्या. 10 जानेवारी 1840 पासून अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागलं. मे महिन्यात 'पेनी ब्लॅक' हे तिकीट आलं. 1839 मध्ये सुमारे 7.6 कोटी पत्रं गेली होती. 1840 मध्ये हा आकडा 17 कोटींच्या जवळ पोचला. पाकिटाचे वेगळे पैसे पडेनासे झाले, म्हणजे मजकूर झाकता येऊ लागला. हिंदुस्थानात अर्ध्या आण्यात देशभर पत्र 1854 पासून जाऊ लागलं, ते याच कल्पनेचं पोर.

मुलींच्या दृष्टीने आणखी मोठी गोष्ट म्हणजे रस्त्यावरची टपालपेटी. ती आधी 1852 मध्ये जर्सी बेटावर लागली, 1853 मध्ये मुख्य भूमीवर कार्लाइलला. ती सुचवणारा टपालखात्यातला अधिकारी म्हणजे कादंबरीकार अँथनी ट्रोलप. तोवर घरातलं पत्र पोस्टात जाताना नोकराच्या किंवा घरच्या कुणाच्या तरी हातातून जाई. आता फिरायला गेलेल्या मुलीने हातमोज्यातलं पाकीट पेटीत टाकलं की काम झालं. म्हाताऱ्या मंडळींना ही पेटी फारशी आवडली नाही, यात नवल ते काय.

पत्र टाकता येतं म्हणून कुणालाही लिहिता येतं असं मात्र नाही. लग्न ठरलेलं नसताना अविवाहित मुलीने परपुरुषाशी पत्रव्यवहार ठेवणं हेच लग्न ठरल्याचं लक्षण मानलं जाई. 'ती दोघं एकमेकांना लिहितात' हे वाक्य शेजारपाजारी पुरेसं असे. पहिलं पत्र लिहिणं ही कृतीच मोठी. म्हणून मार्गदर्शक पुस्तकं सांगत की शक्य असेल तर तोंडी विचारा. पत्र हा लाजाळू माणसाचा किंवा लांब असणाऱ्याचा मार्ग. ही 'पत्रलेखक' पुस्तकं स्वस्त आणि भरपूर खपणारी होती. तरुणाकडून मुलीला, तरुणाकडून मुलीच्या वडिलांना, विधुराकडून विधवेला, होकार, नकार, 'विचार करायला वेळ हवा', असे सगळे नमुने तयार. आपण शाळेत औपचारिक पत्राचा मायना पाठ केला, तसा त्यांनी प्रेमाचा केला. सगळ्यांनी तेच उतरवलं असं नाही, पण चौकट सगळ्यांच्या डोक्यात तीच होती.

चौकट ओळखायला सोपी आहे. सुरुवातीला 'प्रिय कुमारी अमुक', आडनावासह. लग्न ठरलं की आडनाव गळतं आणि पहिलं नाव येतं. त्या एका शब्दाच्या बदलाला आज आपल्याला कल्पना येणार नाही इतकं वजन होतं. आपल्याकडच्या 'अहो' आणि 'अगं'मधल्या अंतरासारखं म्हणा. मग आपण किती दिवस विचार करत होतो, आपली योग्यता नाही हे आपल्याला कसं ठाऊक आहे, वगैरे. त्यानंतर परिस्थिती, उत्पन्न, घर. शेवटी, तुमचं उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगणीला आहे. नकाराच्या पत्रात आधी 'दिलेल्या मानाबद्दल' आभार आणि मग ठाम 'नाही'. अर्धवट नकार देऊन माणसाला झुलवत ठेवू नये, असा सल्ला पुस्तकं देत. शार्लटचं पत्र त्या चौकटीतच आहे, पण त्यातली माणूस ओळखण्याची धार कुठल्याच नमुन्यात सापडत नाही. मैत्रिणीला लिहिताना ती आणखी मोकळी झाली: ज्याच्यासाठी मरायला तयार व्हावं असं प्रेम मला त्याच्याविषयी वाटत नाही, आणि पुन्हा अशी संधी बहुतेक येणार नाही, तर न येवो. संधी त्याच वर्षी आली. एकदाच भेटलेल्या एका तरुण आयरिश पाद्र्याने पत्रातून मागणी घातली. पहिल्या नजरेतलं प्रेम ऐकलं होतं, पण हे त्याच्याही पुढचं, असं म्हणून तिने त्यालाही नाकारलं.

हे सगळं लिहू-वाचू शकणाऱ्यांचं. 1840 च्या आसपास इंग्लंडात लग्नाच्या नोंदवहीत सही करू शकणारे नवरदेव दोनतृतीयांश आणि नवऱ्या मुली जेमतेम निम्म्या. बाकीचे फुली मारत. कामगार वस्तीत प्रेम जुळायचं ते रविवारी बरोबर फिरून. शतक संपता संपता जवळपास सगळेच सही करू लागले आणि पत्राची सवय खालपर्यंत उतरली.

आता त्या जपून लिहिण्याचं दुसरं कारण. पत्र वडील वाचणार हे धरून लिहायचं, तसंच ते उद्या न्यायाधीश वाचू शकतो हेही धरून लिहायचं.

इंग्लंडच्या कायद्यात लग्नाचं वचन हा करार होता. तो मोडला तर दुसरी बाजू नुकसानभरपाई मागू शके. दावा पुरुषालाही करता येई, पण करणाऱ्या बहुतेक बायकाच. कारण लग्न मोडलेल्या मुलीचं वय, अब्रू आणि पुढच्या संधी यांचं नुकसान ज्यूरीला पटे. वचन तोंडी दिलं तरी बंधनकारक, पण सिद्ध कसं करायचं? 1869 पर्यंत अशा खटल्यात खुद्द वादी-प्रतिवादींना साक्षच देता येत नसे. त्या वर्षी कायदा बदलला. पण मुलीच्या शब्दाला दुसऱ्या ठोस पुराव्याची जोड हवीच, अशी अट राहिली. ठोस पुरावा म्हणजे बहुतेकदा पत्र. मग वकील भर कोर्टात ती मोठ्याने वाचत, लोक हसत आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येत. 'माझी लाडकी कबुतरी' असं लिहिणाऱ्या दुकानदाराची काय अवस्था झाली असेल, कल्पना करा. हा दावा इंग्लंडात थेट 1970 च्या कायद्याने रद्द झाला.

म्हणून लग्न मोडलं की पहिली रीत म्हणजे एकमेकांची पत्रं परत करणं. भेटवस्तू, केसांची बट, अंगठी हे सगळं त्यानंतर. पत्रं न देणारा माणूस म्हणजे सुरा लपवून ठेवणारा माणूस.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर ग्लासगोचं प्रकरण आठवावं. मॅडलिन स्मिथ ही सुखवस्तू वास्तुविशारदाची मुलगी. 1855 पासून तिचं पिअर एमील लांजेलिए या कारकुनावर प्रेम होतं. वडिलांना तो जावई म्हणून चालणं शक्य नव्हतं. पत्रं मोलकरणीमार्फत आणि तळघराच्या खिडकीतून जात-येत. ती त्याला नवरा म्हणून हाक मारी. 1857 च्या सुरुवातीला घरच्यांना पसंत असलेल्या विल्यम मिनॉकला तिने होकार दिला आणि लांजेलिएकडे आपली पत्रं परत मागितली. त्याने दिली नाहीत. वडिलांना दाखवतो म्हणाला. 23 मार्चला तो मेला, पोटात आर्सेनिक हे विष भरपूर. खोलीत पत्रांचा ढीग सापडला.

एडिंबरोला चाललेल्या खटल्यात ती पत्रं वाचली गेली आणि अख्ख्या देशाचे डोळे विस्फारले. पण मॅडलिन पत्रावर तारीख क्वचितच घाली, फार तर वार. कोणतं पत्र कधीचं, हे ठरवायला पाकिटावरच्या पुसट टपालशिक्क्यांवर विसंबावं लागलं आणि शेवटच्या दिवसांत दोघं भेटले होते हे सरकारी पक्षाला दाखवता आलं नाही. जुलैमध्ये निकाल लागला: खुनाचा आरोप 'सिद्ध झाला नाही'. दोषी नाही आणि निर्दोषही नाही, असा हा तेव्हाच्या स्कॉटिश कायद्यातला खास निकाल. तिला तारलं ते तारीख न घालण्याच्या आळसाने, असं मला नेहमी वाटतं.

ज्यांना टपालाचाही भरवसा नव्हता ते 'टाइम्स' वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरच्या खासगी जाहिरातींत सांकेतिक लिपीत निरोप छापत. शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन आणि त्याचा मित्र लायन प्लेफेअर यांचा हे निरोप उलगडणं हा रविवारचा विरंगुळा होता. ऑक्सफर्डच्या एका विद्यार्थ्याने लंडनमधल्या मुलीला पळून जाऊ या असं सुचवलं, तेव्हा व्हीटस्टनने त्याच लिपीत तिला समजावणीचा मजकूर छापून आणला. काही दिवसांत शेवटची जाहिरात आली: प्रिय चार्ली, आता लिहू नकोस, आपली लिपी फुटली आहे.

पंखा धरण्याच्या तऱ्हांवरून प्रेम कळवत असत, वगैरे गोष्टी मात्र बेताने घ्याव्यात. त्या 'पंख्याच्या भाषे'चा मोठा प्रसार पंखे विकणाऱ्या एका पॅरिसच्या कंपनीच्या पत्रकाने केला.

आणि तरीही याच काळात, याच नियमांच्या पोटात, पत्रातून उभं राहिलेलं एक प्रेम आहे. 10 जानेवारी 1845 ला, पेनी टपालाच्या बरोबर पाचव्या वाढदिवशी, 32 वर्षांच्या कवी रॉबर्ट ब्राउनिंगने लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर राहणाऱ्या कवयित्री एलिझाबेथ बॅरेटला पत्र लिहिलं. दोघं कधी भेटलेले नव्हते. तुमच्या कविता मला मनापासून आवडतात, असं सुरू झालेलं पत्र त्याच दमात 'आणि तुम्हीही' इथवर गेलं. ती 38 वर्षांची, आजारी, वर्षानुवर्षं खोलीबाहेर न पडणारी. वडिलांचा दंडक असा की आपल्या मुला-मुलींपैकी कोणीही लग्न करायचं नाही.

20 मे 1845 ला दोघं पहिल्यांदा भेटली. भेटून गेल्यावर रॉबर्टने जे पत्र लिहिलं त्यात तो फार पुढे गेला. तिने कळवलं की असं वेड्यासारखं बोलू नका, हे कायमचं विसरा. लेखक आणि छापखाना यांच्यातच राहून गेलेल्या मुद्रणदोषासारखं ते आपल्या दोघांत मिटून जाईल. त्याने ते पत्र परत मागितलं आणि नष्ट केलं. दोघांची जवळजवळ पावणेसहाशे पत्रं आज उपलब्ध आहेत. नाही ते नेमकं मागणीचं.

पुढची पत्रं कधी रोज, कधी दिवसाला दोन. लंडनमध्ये टपाल दिवसातून अनेक वेळा वाटलं जाई. सकाळच्या पत्राला संध्याकाळी उत्तर येई. वडील घरी नसताना रॉबर्ट भेटायला येई आणि प्रत्येक भेट तिच्या पत्राच्या पाकिटावर नोंदवी. अशा 91 नोंदी आहेत. मध्येच एक कोरडा कागदही येतो. एलिझाबेथकडे स्वतःचे थोडे पैसे होते, त्याच्याकडे जवळपास नव्हते. त्याच्या आग्रहावरून तिने लिहून दिलं की त्याच्या मागे हा पैसा माझ्या बहिणींना जावा. इतक्या उत्कट पत्रव्यवहारातही उत्पन्नाचा परिच्छेद चुकला नाही, फक्त उलट्या बाजूने आला.

12 सप्टेंबर 1846 ला त्यांनी मेरिलबोनच्या चर्चमध्ये गुपचूप लग्न केलं. ती अंगठी काढून घरी परतली आणि आठवडाभर काहीच घडलं नाही अशी वावरली. त्या आठवड्यात रॉबर्ट दारात आला नाही, कारण नोकरासमोर 'मिस बॅरेट आहेत का' असं खोटं विचारणं त्याला जमेना. पुन्हा पत्रंच. इटलीला जायचं तर सामान हलकं हवं, औंसाऔंसाचा हिशेब. तिने लिहिलं, तुझी पत्रं मी बरोबर घेते आहे, औंस कितीही ओरडू देत; ठेवून जायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

19 तारखेला ती मोलकरणीला आणि कुत्र्याला घेऊन घराबाहेर पडली. इटलीहून ती वडिलांना लिहीत राहिली. 1851 मध्ये ती लंडनला आली तेव्हा त्यांनी तिची पत्रं परत पाठवली. एकाही पत्राची लाख फोडलेली नव्हती.